धर्मानंदांची भ्रमंती आणि बाळाबाईंचा संसार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघाले की दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. पहिले, काषाय वस्त्रे परिधान करून ब्रह्मदेशातल्या गुहेत ध्यानास बसलेल्या तरुण भिक्षूचे. आणि दुसरे, ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्यागाने शांतपणे देह ठेवणाऱ्या वृद्ध आचार्यांचे. या दोन चित्रांच्या मधे सुमारे चाळीस वर्षांचा काळ आहे, आणि त्या काळातले धर्मानंद हे संसारी गृहस्थ होते. चार मुलांचे वडील, नोकरीच्या अटींवर वाटाघाटी करणारे, पगारातून घरखर्चाची तोंडमिळवणी करणारे. या तिसऱ्या चित्राकडे आपल्याकडील चरित्रकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. संताला संसार असणे आपल्याला थोडे अडचणीचेच वाटते! आजच्या शिबिरात पूर्णवेळ काम करणारे आणि करू इच्छिणारे कार्यकर्ते मोठ्या संख्येने बसले आहेत, म्हणून या दुर्लक्षित चित्रापाशीच थोडे अधिक थांबणे योग्य होईल.

गोव्यातील साखवाळ या खेड्यात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीतले ते खेडे. मराठी शिक्षण जेमतेम झाले. इंग्रजीचा गंध नव्हता. वडिलांच्या नारळीच्या बागेची देखभाल करणे, गडी माणसांवर लक्ष ठेवणे, हेच कोवळ्या वयात वाट्याला आलेले काम. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी विवाह झाला. म्हणजे त्या काळच्या कोणत्याही सारस्वत घरात घडावे तसेच सारे घडत होते. मात्र या मुलाला वाचनाचे वेड होते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्याच्या वाचनात आले आणि त्याने त्याच्या मनाची जी पकड घेतली ती अखेरपर्यंत सुटली नाही. एवढ्या लहानशा लेखाने एवढे मोठे आयुष्य फिरवावे, ही मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे.

घर सोडण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. घरची ओढ त्यांना परत आणीत असे. अखेर १८९९ साली पहिली मुलगी माणिक जन्मली, आणि ती अगदी तान्ही असतानाच त्यांनी गोवा सोडला. बौद्ध धर्माचे ज्ञान जेथे मिळेल तेथे जाऊन ते मिळवायचे, एवढाच संकल्प. हाती पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आधार दिला. तेथून ग्वाल्हेर, तेथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल अशी आशा होती. काठमांडूत जे दिसले त्याने ती मावळली. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि त्याच वर्षी सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीला प्रारंभ केला आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा भारत, लुंबिनी, कुशिनारा. ब्रह्मदेशात सगाइंगच्या टेकड्यांवरील गुहांत ते एका जर्मन भिक्षूसमवेत राहिले. सिंहली, ब्रह्मी आणि सयामी अशा तीन लिप्यांतले पाली ग्रंथ ते वाचू लागले. ज्या माणसाला विसाव्या वर्षी नीट संस्कृतही येत नव्हते त्याने तिशीच्या आत हे सारे संपादन केले. हे अध्ययन कष्टाचे होते, शारीरिक कष्टाचेही. अर्धपोटी राहून, आजार काढून, मैलोन्‌मैल पायी चालून केलेले.

या प्रवासातली मद्रासची एक ओळख आपल्या दृष्टीने विशेष आहे. तेथील बौद्ध वर्तुळात सिंगारवेलू नावाच्या गृहस्थांशी त्यांचा संबंध आला. १ मे १९२३ रोजी मद्रासच्या समुद्रकिनारी भारतातला पहिला मे दिन साजरा करणारे सिंगारवेलू ते हेच. एक बुद्धाकडून मार्क्सकडे गेला. दुसऱ्याने बुद्धाचा हात न सोडता समाजवाद जवळ केला.

या सात वर्षांत गोव्यात काय घडत होते? धर्मानंदांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र, जे १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, ते मराठीतल्या अत्यंत प्रामाणिक आत्मचरित्रांपैकी एक आहे. आपली दुर्बलता, आपला राग, आपले गैरसमज, यांतले काहीच त्यांनी झाकले नाही. तरीही त्या पुस्तकात वाचकाला काशीच्या अन्नछत्रातली पंगत दिसते, ब्रह्मदेशातली गुहा दिसते, पण तान्ह्या मुलीला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढणाऱ्या बाळाबाईंचे घर दिसत नाही. ते त्यांना दिसण्यासारखेच नव्हते. ते तेथे नव्हतेच. नवरा जिवंत असून तो संन्यासी, तेव्हा ना सवाष्णीचा मान पुरता, ना वैधव्याची निश्चिती. गोव्यासारख्या लहानशा समाजात अशा स्त्रीला काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारली तर त्या अधिक चांगली देऊ शकतील.

पण धर्मानंद परतले, आणि येथूनच त्यांचे चरित्र इतर अनेक परिव्राजकांच्या चरित्राहून निराळे होते. १९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. हिंदुस्थानात पालीविद्येचा प्रसार करायचा तर भिक्षूच्या नियमांत राहून तो होणे कठीण, हा त्यांचा विचार होता. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. बाळाबाईंना त्यांनी कलकत्त्यास आणले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. हा मुलगा म्हणजेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर मान्यता पावलेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

आता ज्या प्रसंगाचे सर्व चरित्रकार कौतुक करतात त्याकडे वळू. कलकत्ता विद्यापीठ त्यांना महिना २५० रुपये देऊ करीत होते. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी असे कळविले, की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून त्यांनी काम केले आणि संस्थानासाठी ग्रंथ लिहिले तर दरमहा ५० रुपये मिळतील. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास पत्करले. आपल्या भाषेच्या माणसांना बुद्धाची ओळख झाली पाहिजे, ही त्यामागची तळमळ. त्यातून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ही बडोद्यातील व्याख्याने आली, पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आला, मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. महाराष्ट्रातील पाली अध्ययनाची सारी परंपरा त्या पन्नास रुपयांवर उभी आहे असे म्हटले तरी चालेल.

हे सारे खरे आणि थोरही. परंतु त्या पन्नासांत घर चालवायचे कोणी? दाणागोटा, भाडे, मुलांचे कपडेलत्ते, आजारपण यांचा मेळ घालायचा कोणी? त्यागाची रक्कम दोनशे रुपये होती, आणि ती एका घरातून वजा झाली. ते घर दोघांचे होते. निर्णय मात्र एकाचा. आपल्या चळवळीतल्या कितीतरी गौरवग्रंथांत ‘त्यांनी मोठ्या पगाराच्या नोकरीवर पाणी सोडले’ हे वाक्य येते. त्या पाण्याचे हिशेब कोणत्या स्वयंपाकघरात मांडले गेले, हे त्या ग्रंथांना सहसा ठाऊक नसते. धर्मानंदांना याबद्दल दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या काळाचा एकही पुरुष याहून वेगळे वागला असता, असे मानण्यास फारसा आधार नाही. दोष आपला आहे, कारण आपण ते चरित्र आज वाचतो आणि तरीही हा प्रश्न विचारीत नाही.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा महान पाली ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने संपादण्यास घेतला होता. १८९९ साली त्याच्या निधनाने तो अपुरा राहिला होता. ते काम पुरे करायचे होते. चार इयत्तांच्या आसपास शिकलेला साखवाळचा माणूस हार्वर्डमध्ये निरनिराळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहत बसला. तथापि ग्रंथावर नाव कोणाचे आणि श्रेय किती, यावरून तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांशी त्यांचे बिनसले, आणि १९१२ साली काम टाकून ते मायदेशी आले. श्रमाचा मालक कोण, हा प्रश्न कारखान्यातच उद्भवतो असे नाही. तो पंडितांच्या ग्रंथालयातही उद्भवतो. याच मुक्कामात समाजवादी वाङ्‌मयाची त्यांना गोडी लागली, हा योगायोग म्हणावा काय?

पुढे ते त्याच कामासाठी आणखी तीनदा अमेरिकेस गेले. यातली १९१८ची सफर संसाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची. या वेळी त्यांनी माणिक आणि दामोदर या दोन मोठ्या मुलांना बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही टाकून ते एकदा घराबाहेर पडले होते तिला ते आता सातासमुद्रांपार शिक्षणासाठी घेऊन जात होते. माणिकने रॅडक्लिफ कॉलेजात पदवी मिळवली. १९२२ साली हिंदुस्थानातल्या किती मध्यमवर्गीय मुली अमेरिकन पदवी घेऊन परतल्या असतील? दामोदरचे शालेय शिक्षण केंब्रिजला झाले. पुढे हार्वर्डमधूनच तो पदवीधर झाला. मुलीला आणि मुलाला एकाच तराजूत तोलणारा हा बाप होता. त्याच्या भ्रमंतीचा वाटा प्रथमच घरातल्या कोणाच्या पदरात पडला. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या. त्यांच्या वाट्याला प्रवास आला तो स्टेशनापर्यंत वा बंदरापर्यंत पोहोचविण्याचा, असे म्हणावेसे वाटते.

यानंतरचा काळ भराभर सांगता येईल. १९२२ पासून तीन वर्षे गांधीजींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन. १९२६-२७ साली पुन्हा हार्वर्ड आणि ‘विसुद्धिमग्गा’ची सिद्धता. १९२९ साली लेनिनग्राड. तेथील बौद्ध विद्येच्या संस्थेत काही महिने काढून ते परतले तेव्हा देशात मिठाच्या सत्याग्रहाचे वारे वाहत होते. पन्नाशी उलटलेले, मधुमेहाने जर्जर झालेले हे आचार्य शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरले, मुंबईच्या कामगारवस्तीत प्रचारास हिंडले आणि तुरुंगात गेले. १९३७ साली परळच्या कामगारवस्तीत त्यांच्यासाठी बहुजन विहार बांधला गेला. नाव त्यांनी विचारपूर्वक योजले होते. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या १९३५च्या ग्रंथात त्यांनी समाजवाद्यांची प्रज्ञा आणि गांधीजींची अहिंसा यांचा मेळ पडल्याखेरीज मानवाची सुटका नाही, अशी मांडणी केली. हा ग्रंथ आपल्या अभ्यासवर्गातून आज जवळजवळ नाहीसा झाला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

गृहत्याग हा विषय धर्मानंदांनी विद्वान म्हणूनही हाताळला आहे. ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या सुप्रसिद्ध चरित्रात त्यांनी सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आले. मध्यरात्री झोपलेल्या पत्नीकडे आणि बाळाकडे एकवार पाहून राजपुत्र गुपचूप घोड्यावर बसून निघाला. ही ती कथा. धर्मानंदांनी मूळ सुत्ते पुढे ठेवली. अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवले, की माणसे एकमेकांवर शस्त्रे उगारतात हे पाहून सिद्धार्थाला उद्वेग आला. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी त्यांनी हा उद्वेग जोडला. अरियपरियेसनसुत्ताच्या आधारे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: सिद्धार्थ चोरून गेला नाही. आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत, त्याने केस उतरवले आणि घर सोडले. म्हणजे गृहत्यागाचे कारण सामाजिक होते आणि गृहत्याग उघड होता. बौद्ध अध्ययनात ही मांडणी क्रांतिकारक ठरली.

हे लिहिताना साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या लेखकाला आपले १८९९ आठवले नसेल काय? त्यांनी तसे कोठे म्हटलेले नाही, आणि नसलेले शब्द त्यांच्या तोंडी घालणे बरोबर नाही. मात्र एक बाब ग्रंथावरूनच कळते. त्या सुत्तात आईवडिलांच्या आसवांचा उल्लेख आहे, पत्नीचा नाही. जुन्या कथेतली यशोधरा निदान झोपलेली तरी होती. सुत्तातून ती अजिबातच दिसेनाशी होते.

तिला बोलती केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनीही रोहिणीच्या तंट्याचेच कारण स्वीकारले. पण तेथे सिद्धार्थ घर सोडण्यापूर्वी यशोधरेला भेटतो, आपला निर्णय सांगतो आणि तिचे मत ऐकतो. ती संमती देते, आणि राहुलचे संगोपन करायचे नसते तर आपणही हाच मार्ग धरला असता, अशा आशयाचे बोलते. या संवादाला प्राचीन ग्रंथांचा आधार किती, हा वाद पंडितांनी घालावा. बाबासाहेबांना तो संवाद आवश्यक वाटला, ही गोष्ट इतिहासाचाच भाग आहे. निर्णय घेणारा एक आणि भोगणारी दुसरी, ही रीत त्यांना बुद्धाच्या चरित्रात चालणार नव्हती.

कोसंबींच्या घरातही पुढच्या पिढीत भ्रमंतीचे रूप पालटले. दामोदरपंत वडिलांइतकेच पायाला चक्र असलेले. १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे काम करीत आणि राहत पुण्यात. ‘डेक्कन क्वीन’ने रोजचे जाणे-येणे. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या, कार्ल्याची लेणी, जुन्नरचा मुलूख पायाखाली घालावा, शेतातली दगडी सूक्ष्मास्त्रे वेचावीत, धनगरांशी आणि गावच्या म्हाताऱ्यांशी देवदेवतांबद्दल बोलावे, असा क्रम. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील ग्रंथाला या पायपिटीचा भक्कम आधार आहे. वडील एकदा निघाले ते सात वर्षांनी परतले. मुलगा रोज संध्याकाळच्या गाडीने घरी येत होता. दोघांनीही ज्ञान चालून मिळवले. यापैकी दुसऱ्या रीतीने ते मिळवता येते, हे मात्र आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही.

तिसऱ्या पिढीत नातीने, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी, आजोबांचे निवडक लेखन आणि ‘निवेदन’ २०१० आणि २०११ मध्ये इंग्रजीत आणले. स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास हे त्यांचे मुख्य क्षेत्र. पंडिता रमाबाईंवरील त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. बाळाबाईंकडे अभ्यासकाच्या नजरेने प्रथम पाहिले गेले ते या नातीच्या हातून, यात आश्चर्य नाही.

धर्मानंदांच्या अखेरीविषयी दोन शब्द. शरीर उपयोगाचे उरले नाही, दुसऱ्यांवर भार होऊन जगणे नको, या भावनेने त्यांनी १९४६ मध्येच उपवास आरंभला होता. गांधीजींच्या आग्रहाने तो सोडला. पुढच्या वर्षी सेवाग्रामात मात्र त्यांनी निश्चय पुरा केला. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांना श्रद्धांजली वाहिली. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी ते चार वेळा समुद्र ओलांडून गेले त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली भारतात निघाली होती, हार्वर्डची रोमन आवृत्ती प्रसिद्ध झाली ती १९५० साली. तोवर त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

मित्रहो, ‘निवेदन’ची एक प्रत शिबिराच्या वाचनकक्षात ठेवलेली आहे, प्रत्येकाने ती चाळावी. दुपारच्या सत्रात पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाचा ठराव चर्चेला येणार आहे. मसुदा सर्वांना सकाळीच वाटला गेला आहे. त्यात कार्यकर्त्याच्या प्रवासखर्चाला दोन कलमे आहेत, मुक्कामाच्या भत्त्याला एक आहे, आजारपणाला एक आहे. तो ज्या घरातून निघतो त्या घराला एकही नाही. शिबिराला आलेल्या स्त्रिया या घटकेला मागच्या पडवीत भाकऱ्या करीत आहेत. चर्चा सुरू करण्यापूर्वी चूल पुरुषांकडे सोपवून त्यांना आत बोलावून घ्यावे, आणि मसुदा प्रथम त्यांना वाचून दाखवावा, अशी अध्यक्षांना विनंती आहे.